गल्लीतली डीपी आणि पाटाचं पाणी

मला बोलवायला फोन आला तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की मॅडम, विकेंद्रित वीज आणि ब्लॉकचेनवर बोलणार ना, आणि मी म्हटलं बोलेन, नक्की बोलेन, पण सुरुवात आमच्या गल्लीतल्या डीपीपासून, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरपासून करेन, कारण ती डीपी कळली नाही तर पुढचं सगळं नुसतं शब्दांचं भारूड होईल.

आमच्या गल्लीत १०० केव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर आहे, त्यावर २८ घरं. चार वर्षांपूर्वी एकाच घरावर सोलर होतं, आज ११ घरांवर आहे, बहुतेक ३ किलोवॅटचे, दोघातिघांचे ५ चे. गल्लीच्या अगदी टोकाला एक निवृत्त शिक्षक राहतात, आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. सरांनी मोठ्या हौसेने सोलर बसवलं आणि मार्च लागला तसं रोज दुपारी त्यांच्या इन्व्हर्टरवर, म्हणजे सोलरची वीज घरच्या लाइनला जोडणाऱ्या डब्यावर, लाल दिवा लागायला लागला. पाच-दहा मिनिटांनी आपोआप चालू व्हायचा, परत बंद. बसवणारा मुलगा दोनदा येऊन गेला, म्हणाला सर इन्व्हर्टर ठणठणीत आहे. वीज कंपनीत तक्रार केली तर तिथे सांगितलं आमची लाइन ठीक आहे. आता दोघंही खरं बोलत होते आणि सरांची वीज मात्र ऐन उन्हात वाया जात होती, लाइनला दिलेली वीज मोजणाऱ्या नेट मीटरचा आकडा शेजाऱ्यांचा जितका पुढे जायचा त्याच्या निम्मासुद्धा यांचा जात नव्हता.

मी एका रविवारी मल्टिमीटर घेऊन गेले. दुपारचे साडेबारा वाजले असतील. मेन बोर्डवर प्रोब लावले, २५१ व्होल्ट. हळूहळू २५२, २५३, आणि २५४ ला इन्व्हर्टरच्या आतला रिले, म्हणजे आपोआप पडणारा स्विच, पडल्याचा खट् असा आवाज आला, लाल दिवा, आणि माझ्या मीटरवरचा आकडा उतरून २४९ झाला. मग आम्ही दोघं तसेच उन्हात चालत डीपीला लागून असलेल्या पहिल्या घरात गेलो, तिथे त्याच वेळी २४६. तार तीच, फेज तोच (डीपीतून विजेचे तीन फेज निघतात, साध्या घराला त्यातला एक मिळतो), वेळ तीच. टोकाला २५४ आणि तोंडाला २४६.

हे का होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. आपल्याकडे घरात व्होल्टेज २३० धरतात, पण डीपीतून ते मुद्दाम चढं काढलेलं असतं. ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर बघा, ११ हजार खाली ४३३ असं लिहिलेलं असतं, ४३३ म्हणजे एका फेजला २५०. का, तर तारेतून वीज पुढे जाताना व्होल्टेज पडतं, आणि शेवटच्या घराला संध्याकाळी पंखा नीट फिरावा म्हणून तोंडालाच थोडं जास्त द्यायचं. हा हिशोब करणारी माणसं हुशारच होती, पण त्यांच्या काळी वीज एकाच दिशेने जायची. आता दुपारी वीज घरातून डीपीकडे उलटी वाहते, आणि उलटी ढकलायची तर घरातलं व्होल्टेज डीपीपेक्षा वर न्यावं लागतं, आणि जो सगळ्यात लांब त्याला सगळ्यात वर न्यावं लागतं, त्यात मधल्या सगळ्या घरांनी टाकलेली वीजही त्याच तारेत. ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या वर, इन्व्हर्टरने लाइन सोडून द्यायची असा नियम आहे आणि तो सुरक्षेसाठी बरोबरच आहे. पण त्याचा परिणाम असा की अकरा घरं मिळून तार भरतात आणि बंद मात्र टोकाचं एकच घर पडतं.

मी मूळची धुळे जिल्ह्यातली, साक्री तालुक्यातली. पांझरेवरच्या फडात आजोबांची जमीन होती. ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी, धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आराम अशा नद्यांवर जुने दगडी बंधारे आहेत, त्यातून पाट निघतात, आणि ते पाणी कोणी साहेब नाही, शेतकरीच आपसात वाटून घेत आले, काही शतकं. पाळीप्रमाणे पाणी सोडणारा पाटकरी त्यांनीच नेमलेला. पाळी ठरलेली. पाटाच्या तोंडाला ज्याचं शेत त्याला पाणी घ्यायला काहीच कष्ट नाहीत आणि शेपटाला ज्याचं शेत त्याच्यापर्यंत पोचेल का याचीच चिंता, म्हणून सगळी व्यवस्था शेपटाच्या माणसाला न्याय मिळावा अशा बेताने लावलेली असायची. सरांच्या घरी तो खट् आवाज ऐकला तेव्हा मला पहिलं तेच आठवलं, की हा तर पाट आहे, फक्त पाणी उलटं वाहतंय, आणि पाटकरीच नाहीये.

आज मी जे काही सांगणार आहे ते या पाटकऱ्याबद्दलच आहे.

आता आकडा बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, उद्दिष्ट १ कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत सबसिडी. १ कोटी गुणिले ३ किलोवॅट म्हणजे ३० हजार मेगावॅट. हे एका ठिकाणी नाही, १ कोटी ठिकाणी. शिवाय शेतात सोलर पंप, घराघरात बॅटऱ्या यायला लागल्या, खाली पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्या चार्ज होतायत. जुन्या ग्रिडला, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्याला, काही शे मोठी केंद्रं सांभाळायची सवय, कंट्रोल रूममधून फोन करायचा, कोयनेला सांगायचं मशीन घ्या, चंद्रपूरला सांगायचं लोड कमी करा. १ कोटी घरांना फोन कोण करणार?

यावर पहिलं उत्तर जे कोणालाही सुचतं ते म्हणजे सगळ्यांना इंटरनेटने जोडा आणि एका मोठ्या कंट्रोल रूममधून चालवा. मला हे उत्तर धोक्याचं वाटतं आणि का ते दोन घटनांवरून सांगते.

डिसेंबर २०१५, युक्रेन. वीज वितरण कंपन्यांच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर बसलेत आणि स्क्रीनवरचा माउसचा बाण आपोआप हलायला लागला, त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक सबस्टेशनचा ब्रेकर, म्हणजे लाइनचा मोठा स्विच, कोणीतरी लांबून उघडत गेलं आणि यांना काही करता येईना. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात. वीज परत आली कशी, तर माणसं गाड्या घेऊन सबस्टेशनला गेली आणि हाताने ब्रेकर लावले. दुसरी घटना फेब्रुवारी २०२२ ची, रशिया-युक्रेन युद्धाच्या पहिल्याच दिवशी एका उपग्रह इंटरनेटवर सायबर हल्ला झाला आणि त्याचा फटका जर्मनीत ५,८०० पवनचक्क्यांना बसला, त्यांच्याशी संपर्कच तुटला. पण त्या पवनचक्क्या थांबल्या नाहीत. आपल्या जागी, आपल्या ऑटोमॅटिक सेटिंगवर, वारा येईल तशा वीज बनवत राहिल्या. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. एकीकडे निर्णय लांब बसलेला होता, तो हायजॅक झाला. दुसरीकडे निर्णय मशीनच्या जागीच होता, संपर्क गेला तरी काम चालू राहिलं.

म्हणून डिसेंट्रलाइज्ड, म्हणजे विकेंद्रित, म्हटल्यावर माझ्यासाठी पहिला अर्थ हा आहे, की ज्याची जागा तिथे त्याचा निर्णय. बिटकॉइन वगैरे सगळं नंतर.

आणि गंमत म्हणजे ग्रिडमध्ये असा एक निरोप आधीपासूनच आहे, शंभरेक वर्षं आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. फ्रिक्वेन्सी. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तारेतल्या विजेचा एकच ठोका पडतो, सेकंदाला ५०, म्हणजे ५० हर्ट्झ. वापर वाढला की ठोका जरा मंदावतो, वीज जास्त झाली की वाढतो, आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ च्या आत ठेवायचा असा नियम आहे. कोणत्याही घरातल्या प्लगमध्ये हा निरोप येतो, फुकट येतो, खोटा पाडता येत नाही. प्रत्येक मशीन तो ऐकून आपापलं वागू शकतं.

फक्त कसं वागायचं ते नीट ठरवावं लागतं, आणि ते न ठरवल्याचा अनुभव जर्मनीने घेतलाय. २००५-०६ च्या सुमारास त्यांनी नियम केला की फ्रिक्वेन्सी ५०.२ झाली की सोलर इन्व्हर्टरने ताबडतोब बंद व्हायचं. तेव्हा सोलर होतं मूठभर, नियम वाजवी वाटला. काही वर्षांत छपरंच्या छपरं भरली आणि इंजिनिअर लोकांच्या लक्षात आलं की कधीतरी ५०.२ झालंच तर हजारो मेगावॅट एकाच क्षणी गायब होतील, आणि सगळ्या युरोपकडे अशा वेळेसाठी राखून ठेवलेली ताकद ३,००० मेगावॅटची. २०१२ मध्ये खास नियम काढून सुमारे ३,१५,००० सोलर प्लांटचे सेटिंग बदलावे लागले, माणूस पाठवून, एकेका ठिकाणी जाऊन. नवीन नियम साधा होता, ५०.२ च्या वर गेलं की एकदम बंद होऊ नका, दर हर्ट्झला ४० टक्के या हिशोबाने हळूहळू उतरा. जो शहाणपणा सुरुवातीला एका ओळीत लिहिता आला असता त्यासाठी नंतर लाखो घरांच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आपण आत्ता त्या सुरुवातीच्या टप्प्यावर आहोत म्हणून मी हे इतकं लावून धरते.

पण फ्रिक्वेन्सी सगळ्या देशाला एकच असते, ती सरांच्या गल्लीतली तार भरली हे सांगू शकत नाही. ते गल्लीतलं व्होल्टेजच सांगतं. आणि पैशाचा हिशोब तर दोन्हीही सांगत नाहीत, कोणी किती दिली, कोणी कोणासाठी थांबलं. इथून डिजिटल भाग सुरू होतो.

साउथ ऑस्ट्रेलियाचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. तिथे तीनातल्या एकापेक्षा जास्त घरांवर सोलर आहे. १४ मार्च २०२१, रविवार, ऊन छान, वापर कमी, आणि शेजारच्या राज्याला जोडणाऱ्या लाइनचं काम काढलेलं, तर ग्रिड सांभाळायला पहिल्यांदाच लोकांच्या छपरावरचं सोलर लांबून बंद केलं गेलं. लोकांना ते आवडलं नाही, साहजिक आहे. दुसरीकडे तिथल्या वितरण कंपनीपुढे आपल्या गल्लीचाच प्रश्न, तारा भरल्या. सोपा मार्ग हा होता की नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, बाबा तुला ग्रिडमध्ये फक्त १.५ किलोवॅट सोडता येईल, बारा महिने, बस. पण तार भरते वर्षातल्या थोड्या दुपारी, मग बाकी दिवस का अडवायचं? म्हणून त्यांनी दुसरा पर्याय दिला, मर्यादा लवचीक, १.५ पासून १० किलोवॅटपर्यंत, तारेत जागा किती आहे ते बघून दर पाच मिनिटांनी इन्व्हर्टरला कळवायचं, आणि इंटरनेट गेलं तर इन्व्हर्टरने स्वतःहून १.५ वर यायचं. मला यातलं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. संपर्क तुटला तर काय करायचं हे आधीच ठरलेलं आहे आणि ते छपराखालीच ठरलेलं आहे. कंपनी फक्त पाटाची रुंदी सांगते, त्या रुंदीत घरातली वीज गाडीला द्यायची, बॅटरीला द्यायची का विकायची हे घरवाला ठरवतो. पाटकरी असाच असतो ना, तो तुमच्या शेतात काय पेरायचं ते सांगत नाही.

बरं, आता ब्लॉकचेन. एप्रिल २०१६, न्यूयॉर्कचं ब्रुकलिन, प्रेसिडेंट स्ट्रीट नावाचा रस्ता. एका बाजूच्या पाच घरांवर सोलर, समोरच्या बाजूची पाच घरं विकत घेणार, हिशोब इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवर. जगभर बातमी झाली की शेजाऱ्याने शेजाऱ्याला वीज विकली. तिथे नवीन तार एकही टाकलेली नव्हती, वीज त्याच जुन्या तारांतून जात होती आणि ती जाणार तिकडेच जाणार, विजेला मालकाचं नाव माहीत नसतं. बदलली होती ती वही. आधी वही एका कंपनीच्या ऑफिसात असायची, आता तिची प्रत प्रत्येकाकडे, आणि एकाने खाडाखोड केली तर बाकीच्यांच्या प्रतीशी जुळणार नाही. आपल्याकडे भिशीत जसं असतं, कोणी किती भरले ते दहाही बायकांना पाठ असतं म्हणून गडबड होत नाही, तसं. ब्लॉकचेन म्हणजे एवढंच, पण हे एवढंच लहान नाही, कारण ज्यांचा एकमेकांवर पुरता भरवसा नाही अशांना एकत्र हिशोब ठेवता येतो.

ब्लॉकचेन वीज खूप खाते हा आक्षेप लगेच येतो आणि तो बिटकॉइनच्या बाबतीत खरा आहे, तिथे नोंद पक्की करायला कॉम्प्युटरांची कोडी सोडवायची शर्यत लागते. ऊर्जा क्षेत्रातल्या लोकांनी म्हणूनच वेगळी वाट धरली, २०१७ मध्ये एनर्जी वेब फाउंडेशन नावाची संस्था निघाली, जून २०१९ मध्ये त्यांची साखळी, म्हणजे ब्लॉकचेन, चालू झाली, त्यात कोडी सोडवायची शर्यत नाही, ओळखीच्या ऊर्जा कंपन्याच नोंदी तपासतात. इथेरियमनेही सप्टेंबर २०२२ मध्ये ती शर्यत सोडली आणि त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. युरोपात टेनेट, स्विसग्रिड आणि टेर्ना या ग्रिड चालवणाऱ्या कंपन्यांनी २०२० मध्ये इक्विजी म्हणून असाच प्लॅटफॉर्म काढला, घरातल्या बॅटऱ्या आणि गाड्या ग्रिड सावरायला वापरता याव्यात म्हणून.

पण या सगळ्यात मला खरी कामाची वाटते ती नाणी नाहीत, खरेदी-विक्रीही नाही, ओळख. सरांचं इन्व्हर्टर ५ किलोवॅटचं आहे, अमुक सेटिंगवर आहे, अमुक डीपीच्या अमुक फेजवर आहे हे आज कोणाला माहीत आहे? बसवणाऱ्याच्या एक्सेलमध्ये एक, वीज कंपनीच्या फायलीत दुसरं, इन्व्हर्टर बनवणाऱ्याच्या सर्व्हरवर तिसरं. आमच्या गल्लीत खरोखर कोण कोणत्या फेजवर आहे हे कुठेच लिहिलेलं सापडलं नाही, मला स्वतःला दारोदार जावं लागलं. नवीन पद्धतीत प्रत्येक उपकरणाला स्वतःची डिजिटल चावी असते, बनवणारा सही करतो की हे असं बनवलंय, बसवणारा सही करतो की इथे बसवलंय, कंपनी सही करते की या डीपीवर जोडलंय, आणि उद्या कोणी विचारलं तर तेवढं दाखवायचं, सगळ्यांचा डेटा एका गोदामात गोळा न करता. ऑस्ट्रेलियात प्रोजेक्ट एज नावाचा प्रयोग २०२३ पर्यंत चालला, व्हिक्टोरिया राज्यात, ग्रिड चालवणारी संस्था, वितरण कंपनी, बऱ्याच घरांची वीज एकत्र करून बाजारात नेणारे म्हणजे घरांचे गट बांधणारे असे सगळे एकत्र, त्यात ही ओळख आणि निरोपांची देवाणघेवाण याचीच परीक्षा होती. साधं गणित बघा, १० वितरण कंपन्या आणि २० गट बांधणारे, प्रत्येकाने प्रत्येकाशी वेगळी जोडणी करायची तर २००. सगळ्यांनी एकच सामाईक पद्धत वापरली तर ३०.

तुम्ही म्हणाल हे तर यूपीआयसारखं झालं. बरंचसं हो, कोणतंही ॲप कोणत्याही बँकेशी बोलतं ते सामाईक पद्धतीमुळेच. एक फरक मात्र लक्षात ठेवा, यूपीआयचा निरोप एका मध्यवर्ती स्विचमधून जातो आणि तो अडकला तर भाजीवाल्यासमोर आपण पाच मिनिटं थांबतो, बिघडत काही नाही. विजेत पाच मिनिटं थांबता येत नाही. तेव्हा हिशोब सामाईक असू दे, तो उशिरा झाला तरी चालतो, दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ भाग करून नंतर जुळवता येतो. व्होल्टेज सावरायचं काम मात्र जागच्या जागीच झालं पाहिजे. ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपल्याकडच्या चर्चेत मला ती कायम एकात कालवलेली दिसतात.

आपल्याकडे काम सुरू झालंय, लखनौमध्ये २०२०-२१ ला छपरावरची वीज ब्लॉकचेनवर विकायचा पायलट झाला, दिल्लीतही झाले. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने इंडिया एनर्जी स्टॅकसाठी, म्हणजे वीज क्षेत्राच्या सामाईक डिजिटल पायासाठी, टास्क फोर्स नेमला, नंदन निलेकणी त्याचे मुख्य मार्गदर्शक. उपकरणाला, ग्राहकाला, व्यवहाराला ओळख आणि सामाईक पद्धत हाच त्याचा गाभा आहे. मला मनापासून आनंद झाला. माझी मागणी एवढीच की हे करताना डीपीच्या खालचं जग त्यात असावं, कोण कोणत्या फेजवर, तार कुठवर भरलीय, आणि टोकाच्या घराचं किती बुडलं याचा हिशोब. कारण नुसती खरेदी-विक्री आणली आणि तारेचा विचार नाही केला तर तोंडाची घरं विकत राहतील आणि शेपटाचं घर बंद पडत राहील, व्यवहार अगदी पारदर्शक असेल आणि अन्याय तसाच.

एका मुलीने मघाशी चिठ्ठी पाठवली होती, तुमच्या सरांचं पुढे काय झालं. सांगते. सरांनी वही ठेवली होती, रोज दर अर्ध्या तासाला व्होल्टेज आणि इन्व्हर्टर बंद पडल्याची वेळ, शिक्षकी अक्षरात, तांबड्या शाईने बंद आणि निळ्या शाईने चालू. मी दारोदार फिरून फेज लिहून घेतले तर ११ पैकी ८ सोलर एकाच फेजवर निघाले. ती वही आणि माझा कागद घेऊन आम्ही परत ऑफिसात गेलो, या वेळी तरुण इंजिनिअर होता, त्याने तासभर वही वाचली आणि दुसऱ्या आठवड्यात वायरमन पाठवला. वायरमनने तीन घरं दुसऱ्या फेजवर टाकली आणि लाइन बंद करून डीपीचा टॅप, म्हणजे तिथून निघणारं व्होल्टेज कमी-जास्त करायची सोय, एक पायरी खाली घेतला. दोन घरच्या इन्व्हर्टरमध्ये सोय होती, व्होल्टेज चढायला लागलं की पूर्ण बंद न होता वीज हळूहळू कमी करायची, ते सेटिंग त्यांच्या संमतीने चालू केलं. त्यातले एक जण तोंडाच्याच घरातले, म्हणाले माझं दुपारचं युनिटभर गेलं तरी चालेल, सरांचं चालू राहू दे. ते युनिट आज कुठेच मोजलं जात नाही, त्यांना त्याचे पैसे मिळत नाहीत, सरांच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे नोंद आहे.

मागच्या रविवारी दुपारी पाऊण वाजता मी परत मीटर लावला. टोकाला २४५.